‘ऑपरेशनल रीझन’ म्हणजे काय, ते लेखी मागा

प्रश्न: सप्रेम नमस्कार. आम्ही जुळे सोलापूरला राहतो. गड्डा यात्रा आटोपल्यावर, जानेवारीच्या शेवटी मी, मिस्टर, मुलगी आणि सासूबाई असे चौघं दिल्ली-आग्रा बघायला गेलो. पुण्याहून दिल्लीचं स्वस्तातलं विमान होतं, रात्री ८.४० चं. तिकिटं नवी पेठेतल्या एका ट्रॅव्हल एजंटाकडून काढली. तो मिस्टरांचा शाळेपासूनचा मित्र. गाडी करून दुपारी निघालो, तर इंदापूर ओलांडल्यावर त्याचा फोन आला की फ्लाइट रद्द झाली. मेसेज त्याच्या मोबाइलवर सकाळी साडेअकरालाच आला होता, त्याने तो तीनला बघितला. मेसेजमध्ये कारण एवढंच: ‘ऑपरेशनल रीझन’. विमानतळावर काउंटरवरची मुलगी म्हणाली, उद्या दुपारी दीडच्या फ्लाइटला बसा नाहीतर रिफंड घ्या. ही लो-कॉस्ट एअरलाइन आहे, हॉटेल-बिटेल आम्ही देत नाही. रात्र विमाननगरच्या लॉजवर काढली, दोन खोल्यांचे ५,२०० रुपये गेले. दिल्लीच्या हॉटेलची आधीच भरलेली एक रात्र, ३,८०० रुपये, तीही बुडाली. येताना दिल्लीत धुकं. विमान पाच तास उशिरा सुटलं आणि तेवढ्या वेळात उपम्याचा एकेक कप मिळाला. शेवटी सासूबाईंनी पिशवीतली कडक भाकरी आणि शेंगाचटणी काढली, त्यावर निभावलं.

माझ्या जर्मनीतल्या भाच्याला नुसत्या उशिराचे २५० युरो मिळाले होते. आपल्याकडे व्हॉट्सअ‍ॅपवर ‘फ्लाइट रद्द झाली तर माणशी १० हजार’ असं फिरतंय. आम्ही ४० हजार मागावेत का? मिस्टर म्हणतात, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, आणि त्यांना मित्रालाही यात गोवायचं नाही. एअरलाइनने १,००० रुपयांचं व्हाउचर पाठवलंय. आणि मे महिन्यात होटगी रोडच्या सोलापूर विमानतळावरून विमानाने गोव्याला जायचा बेत आहे, तेव्हा काय काळजी घ्यावी? तिकिटाच्या बिलाचा फोटो सोबत जोडते आहे.
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर:

ताई, ४० हजार मिळणार नाहीत, ते आधीच सांगून टाकतो. पण हजार रुपयांच्या व्हाउचरवर गप्प बसावं असंही तुमचं प्रकरण नाही. आणि व्हाउचरच्या त्या ईमेलमधलं ‘अ‍ॅक्सेप्ट’ चं बटण तेवढं दाबू नका. अशा ईमेलच्या तळाशी बारीक अक्षरात ‘यापुढे कोणतीही मागणी राहिली नाही’ अशा अर्थाचं एखादं वाक्य असतं. ते आहे का बघा, आणि नसलं तरी हे सगळं मिटेपर्यंत व्हाउचर वापरू नका.

आता तो दहा हजारांचा मेसेज. तो पूर्ण खोटा नाही, अर्धा आहे. विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या डीजीसीएचा एक नियम २०१० पासून लागू आहे आणि पुढे त्यात दुरुस्त्या होत आल्या आहेत. सीएआर (एअरलाइननी पाळायच्या डीजीसीएच्या अटी), विभाग ३, मालिका एम, भाग ४ असं त्याचं नाव. हा पत्ता कागदावर उतरवून ठेवा, तक्रारीत लागेल. फ्लाइट रद्द करायची तर एअरलाइनने किमान दोन आठवडे आधी कळवावं आणि दुसरी फ्लाइट किंवा रिफंड द्यावा, असं हा नियम म्हणतो. दोन आठवड्यांच्या आत पण २४ तासांच्या आधी कळवलं, तर मूळ वेळेपासून दोन तासांच्या आत सुटणारी दुसरी फ्लाइट किंवा प्रवाशाला चालत असेल तर रिफंड. आणि एवढंही केलं नाही, म्हणजे तुमच्यासारखं त्याच दिवशी सकाळी कळवलं, तर भरपाईचा प्रश्न येतो. उड्डाणाचा ब्लॉक टाइम, म्हणजे विमान जागेवरून हलल्यापासून दुसरीकडे जागेवर थांबेपर्यंतचा वेळ, तासाभरापर्यंत असेल तर ५,००० रुपये, एक ते दोन तास असेल तर ७,५००, आणि दोन तासांच्या वर १०,०००. पुणे-दिल्ली दोन तासांच्या वरचं, म्हणून शेवटचा आकडा. व्हॉट्सअ‍ॅप इथपर्यंत बरोबर आहे.

मेसेजमध्ये गाळलेला तुकडा असा: ही रक्कम, किंवा एका बाजूचं मूळ भाडं अधिक इंधन आकार, यातलं जे कमी असेल ते. तुमच्या बिलात माणशी ६,३४० रुपये दिसतात, पण ओळीओळीने वाचा. बेस फेअर ४,३५०, फ्युएल चार्ज ३००. बाकीचे १,६९० म्हणजे विमानतळ वापरण्याचं शुल्क (यूडीएफ), सिक्युरिटी फी, जीएसटी आणि कन्व्हीनियन्स फी. यातलं काहीच भरपाईच्या हिशोबात धरत नाहीत. म्हणजे माणशी ४,६५०, चौघांचे १८,६००. स्वस्तातल्या तिकिटावर दहा हजारांचा आकडा गाठणं कठीणच. भाडंच तेवढं नसतं.

आणि खरी मेख पुढेच आहे. नियमाची भाषा अशी की एअरलाइनने प्रवाशाला मान्य असलेली दुसरी फ्लाइट द्यावी, किंवा पूर्ण रिफंड आणि शिवाय भरपाई. ‘किंवा’ आहे तिथे. तुम्ही दुसऱ्या दिवशीच्या विमानात बसलात. त्यामुळे एअरलाइनचा वकील पहिल्याच वाक्यात म्हणेल की यांनी पर्याय स्वीकारला, विषय संपला. त्या रात्री रिफंड घेतला असता तर रिफंड अधिक १८,६०० असा हिशोब झाला असता. पण आयत्या वेळी दिल्लीचं दुसरं तिकीट काय भावाने मिळालं असतं? सासूबाईंना घेऊन तुम्ही जो निर्णय घेतलात तो माझ्या मते व्यवहाराचाच होता. खटकतं ते एवढंच की काउंटरवर तुम्हाला नुसतं ‘दुसरी फ्लाइट नाहीतर रिफंड’ सांगितलं, रिफंडबरोबर भरपाईही येते ही गोष्ट कोणी तोंडातून काढली नाही. तक्रारीत हे असंच लिहा: पर्यायांची पूर्ण माहिती दिली नाही, आणि जवळजवळ सतरा तास उशिराची फ्लाइट आम्ही खुशीने नव्हे, नाइलाजाने घेतली. ‘मान्य असलेली’ या शब्दांवर जो काही वाद घालता येईल तो इथेच. १८,६०० मागा जरूर, फक्त ते मिळतीलच असं धरून चालू नका.

तुमचा भक्कम पाय आहे तो प्रत्यक्ष झालेल्या खर्चावर. लॉजचे ५,२०० आणि दिल्लीच्या हॉटेलची बुडालेली रात्र ३,८००, हे झाले ९,०००. त्यात लॉज-विमानतळ टॅक्सी आणि त्या रात्रीचं जेवण मिळवा. डीजीसीएचा नियम एवढंच देतो म्हणून ग्राहक आयोगाचे हात बांधलेले नसतात. सेवेतल्या त्रुटीमुळे झालेलं नुकसान तो स्वतंत्रपणे बघू शकतो. पावत्या नसतील तर यूपीआयचा इतिहास उघडा, त्या तारखेची प्रत्येक नोंद वेळेसकट तिथे सापडेल. रोख दिलेल्या रिक्षाभाड्याच्या मागे लागू नका. पन्नास-शंभर रुपयांच्या अंदाजे रकमा यादीत घुसल्या की बाकीची खरी यादीही संशयास्पद दिसायला लागते.

‘लो-कॉस्ट आहे, आम्ही देत नाही’ हे वाक्य मात्र डोक्यातून काढून टाका. नियमात स्वस्त आणि महाग एअरलाइन असा फरक कुठेही नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली इंटरग्लोब एव्हिएशन विरुद्ध एन. सच्चिदानंद या प्रकरणात हे स्पष्ट केलंय, आणि योगायोग असा की ते प्रकरण तुमच्या परतीच्या प्रवासासारखंच आहे. दिल्लीहून हैदराबादला जाणारं लो-कॉस्ट विमान धुक्यामुळे कित्येक तास अडकलं होतं. कोर्टाने उशिराबद्दल एअरलाइनला जबाबदार धरलं नाही, प्रवाशाला मिळालेली भरपाईसुद्धा रद्द केली. मात्र त्याच निकालात सांगितलं की कमी भाड्याची कंपनी असली तरी अडकलेल्या प्रवाशांची किमान सोय बघण्यातून तिची सुटका नाही.

म्हणून परतीच्या पाच तासांसाठी पैसे मागू नका. त्याला दोन कारणं. एक म्हणजे आपल्याकडे नुसत्या उशिरासाठी रोख भरपाईची तरतूदच डीजीसीएच्या नियमात नाही. तुमच्या भाच्याला मिळाले ते युरोपीय संघाच्या २००४ च्या नियमाखाली. तिथे तीन तासांच्या वर उशीर झाला की अंतराप्रमाणे २५०, ४०० किंवा ६०० युरो मिळतात. तो नियम युरोपातून सुटणाऱ्या विमानांना, किंवा युरोपीय कंपनीच्या विमानाने युरोपात जाणाऱ्यांना लागू. दिल्ली-पुण्याला त्याचा काडीचा उपयोग नाही. दुसरं कारण धुकं. हवामान, एअर ट्रॅफिक कंट्रोलमुळे झालेला उशीर, पूर, दंगल, संप, सुरक्षेचा धोका, सरकारी आदेश, ही सगळी कारणं नियमानेच एअरलाइनच्या हाताबाहेरची मानली आहेत. जानेवारीतलं दिल्लीचं धुकं नाकारायला जाल तर तुमचंच हसं होईल.

खाण्यापिण्याचं मात्र धुक्यातही सुटत नाही. अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तास किंवा जास्त उशीर होणार असेल, तर थांबण्याच्या वेळेच्या मानाने जेवणखाण द्यायचं, असं नियम सांगतो. पाच तासांत उपम्याचा एक कप ‘वेळेच्या मानाने’ होतो का, हे तुम्हीच ठरवा. ही गोष्ट तक्रारीत दोन ओळींत लिहा. त्याचे पैसे मागू नका, नोंद असू द्या. (सासूबाईंच्या कडक भाकरीला मात्र दाद द्यावी लागेल. आग्रा बघून परत दिल्लीत आली तरी भाकरी शाबूत, हे सोलापूरकरांनाच जमतं.)

आता जाण्याच्या फ्लाइटकडे परत येऊ, कारण पैसा तिथे आहे. ‘ऑपरेशनल रीझन’ हे हाताबाहेरच्या कारणांच्या यादीत नाही. ते कारणच नव्हे, कारण झाकायचं फडकं आहे. त्याखाली वैमानिक कमी पडला असेल, विमान बिघडलं असेल, प्रवासी कमी म्हणून दोन फ्लाइटची एक केली असेल. हे सगळे एअरलाइनच्या घरचे प्रश्न. म्हणून तुमच्या पहिल्या ईमेलमध्ये पहिली मागणी पैशाची नको. रद्द झाल्याचं नेमकं कारण लेखी द्या, ही असू द्या. उत्तर आलं नाही किंवा पुन्हा तेच दोन शब्द आले, तरी फायदा तुमचाच. अजमेर-जम्मू एक्सप्रेस चार तास उशिरा पोचली आणि एका प्रवाशाचं श्रीनगरचं विमान चुकलं, त्या प्रकरणात २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने रेल्वेला ३०,००० रुपये द्यायला लावले, ते याच मुद्द्यावर. उशीर का झाला आणि तो टाळता का आला नाही हे वाहतूक करणाऱ्याने दाखवायचं असतं. रेल्वेला ते दाखवता आलं नाही. तो निकाल रेल्वेचा असला तरी तक्रारीत त्याचा उल्लेख जरूर करा. त्या ३० हजारांत टॅक्सी आणि बुकिंगचा खर्चच मोठा होता आणि मनस्तापाचे फार तर ५,०००, हेही लक्षात ठेवा. म्हणजे मनस्तापाचे दोन लाख मागायचा मोह होणार नाही.

जमलं तर अजून एक करा. विमानं कुठे आहेत ते दाखवणाऱ्या वेबसाइटवर त्या संध्याकाळची पुण्याहून सुटलेली उड्डाणं बघा. आठ ते दहाच्या दरम्यान बाकीची विमानं वेळेवर गेलेली दिसली, तर पान फोटो काढून ठेवा. उद्या ‘हवामान खराब होतं’ असं नवीन कारण पुढे आलं तर हे कामाला येईल. जुने दिवस फुकटात फार काळ दिसत नाहीत, म्हणून आजच बसा.

एजंट मित्राचं काय? त्याने बुकिंगमध्ये स्वतःचा मोबाइल नंबर घातला. आपल्याकडे सर्रास असंच चालतं, आणि यात एक सापळा आहे: ज्या प्रवाशाने संपर्काची पुरेशी माहिती दिली नाही, त्याला भरपाई द्यायला एअरलाइन बांधील नाही, असं नियमच म्हणतो. पण तुमच्या बाबतीत हा सापळा लागत नाही. मेसेज एजंटाकडे गेला तोच मुळी त्या दिवशी सकाळी साडेअकराला. तो थेट तुम्हाला आला असता तरी २४ तासांच्या आतलाच. त्याने तो तीनला बघितला म्हणून तुम्ही इंदापूरपर्यंत गेलात, एवढाच काय तो त्याचा दोष. तो भांडणाचा नाही, चहा पिता पिता बोलून घ्यायचा विषय आहे. त्याला आयोगात प्रतिवादी करायची गरज मला दिसत नाही. उलट तो तुमचा साक्षीदार. मूळ मेसेजचा तारीख-वेळ दिसणारा स्क्रीनशॉट त्याच्याकडून घ्या, आणि त्याच्या लेटरहेडवर चार ओळी: बुकिंग मी केलं, अमुक वेळी रद्दचा मेसेज आला, त्याआधी एअरलाइनकडून काही कळवलं गेलं नाही. मित्र म्हणून तो एवढं आनंदाने करेल.

ईमेल एअरलाइनच्या तक्रारीच्या पत्त्यावर पाठवा, इंग्रजीत किंवा हिंदीत, पानभरापेक्षा मोठा नको. पीएनआर, तारीख, मेसेजची वेळ, खर्चाचा आकडा, नियमाचं नाव आणि उत्तरासाठी मुदत, बस्स. कॉल सेंटरला फोन करून घसा कोरडा करू नका, तिथे बोललेलं नंतर सिद्ध करता येत नाही. वेबसाइटवर नोडल ऑफिसर, म्हणजे तक्रारी बघणारा अधिकारी, आणि त्यावरचा अपिलाचा अधिकारी यांचे पत्ते असतात. खालून दाद मिळाली नाही की त्यांना तोच ईमेल पुढे पाठवा. त्यानंतर केंद्र सरकारचं एअरसेवा पोर्टल. तिथे तक्रार टाकली की ती एअरलाइनकडेच जाते, पण सरकारी पडद्यावर दिसत असल्याने उत्तर तरी येतं. बऱ्याच जणांचे रिफंड एवढ्यावर सुटतात. भरपाईला मात्र एअरलाइन तिथेही सहसा ‘रिग्रेट’ म्हणते. १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनसुद्धा आहे, तिचा क्रमांकही घेऊन ठेवा.

यजमानांची कोर्टाची धास्ती मी समजू शकतो. दिवाणी कोर्टाच्या तारखांनी आपल्या पिढ्या दमवल्या आहेत. ग्राहक आयोग थोडा वेगळा आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने, जो २० जुलै २०२० पासून लागू झाला, तुम्ही राहता तिथेच तक्रार करायची सोय दिली. एअरलाइनचं मुख्यालय कुठल्याही शहरात असो, तिकिटावर ‘वाद अमुक शहरातच’ असं छापलेलं असो, तुम्ही सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाऊ शकता. सेवेसाठी, म्हणजे इथे तिकिटांसाठी, मोजलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. वकील सक्तीचा नाही. ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या दाखल करता येते, आणि मराठीत लिहिलेली तक्रारही चालते. मुदत घटनेपासून दोन वर्षं, त्यामुळे घाई नाही. वेळ मात्र लागेल, तो किती ते आयोगापुढच्या कामाच्या ढिगावर. पण बऱ्याचदा नोटीस पोचल्यावर नऊ-दहा हजारांसाठी सोलापुरात वकील उभा करण्यापेक्षा तडजोड बरी, असा हिशोब एअरलाइनच करते. यजमानांना हा हिशोब सांगून बघा.

मीच तुमच्या जागी असतो तर काय केलं असतं? खर्चाचे ९,००० आणि टॅक्सी-जेवण यांवर ठाम राहिलो असतो, १८,६०० मागितले असते आणि तडजोडीत सोडायची तयारी ठेवली असती. व्हाउचर तर चालूच दिलं नसतं, रोख बँकेत हवं. ज्या कंपनीने फिरून जायची इच्छा उरली नाही तिचं व्हाउचर घेऊन करायचं काय.

आता मे महिना. होटगी रोडवरून २०२५ च्या जूनमध्ये गोव्याची आणि ऑक्टोबरमध्ये मुंबईची सेवा सुरू झाली, त्यामुळे इंदापूर-भिगवणचा रस्ता तुडवायची वेळ तुमच्यावर येणार नाही. वर सांगितलेला नियम या छोट्या विमानांनाही तसाच लागू आहे. फरक व्यवहारात पडतो. पुण्याहून दिल्लीला दिवसभर विमानं असतात, सोलापुरातून फेऱ्या मोजक्याच. इथून फ्लाइट रद्द झाली तर दुसरी दोन-चार तासांत मिळण्याची शक्यता जवळजवळ नसते. तेव्हा ऐनवेळी रद्द झालं आणि कारण हवामानाचं नसेल, तर दोन-तीन दिवसांनंतरची फ्लाइट मुकाट्याने घेऊ नका. रिफंड आणि भरपाई दोन्ही मागा आणि गाडीने किंवा रेल्वेने निघा. या वेळी हातातून सुटलेला पर्याय तो हाच.

मुंबईहून पुढे परदेशी किंवा दूर जाणाऱ्यांनी (तुमचा प्रश्न हा नाही, पण बाकीच्यांसाठी सांगून ठेवतो) सोलापूर-मुंबई आणि पुढचं तिकीट वेगवेगळं काढलं असेल, तर पहिलं विमान रद्द झाल्याने चुकलेल्या दुसऱ्याची जबाबदारी पहिल्या कंपनीवर येत नाही. दोन्ही एकाच तिकिटावर असतील तरच नियम पाठीशी उभा राहतो. वेगळी तिकिटं काढायचीच असतील तर एक दिवस आधी मुंबई गाठा.

गोव्याची तिकिटं त्याच मित्राकडून काढा, हरकत नाही. बुकिंग झाल्या झाल्या एअरलाइनच्या वेबसाइटवर पीएनआर घालून संपर्कात तुमचा आणि यजमानांचा नंबर टाका, ईमेलही. हॉटेल शक्यतो आदल्या दिवसापर्यंत फुकट रद्द करता येणारं घ्या. आणि भाडं जास्तीत जास्त बेस फेअरच्या ओळीत दिसेल असं बिल मागू नका, तसं होत नसतं. एका वाचकाने मागे मला हे खरंच विचारलं होतं.